माझं वाचन, ह्यांचा सत्कार

आमच्या टाउनशिपमध्ये सगळं काही नोकरीला चिकटून यायचं. नोकरी ह्यांची, म्हणून क्वार्टर ह्यांच्या नावावर, रेशनकार्ड ह्यांच्या नावावर, मोरीचा नळ गळतोय अशी तक्रार लिहायची तरी खाली सही ह्यांची. कारखान्याच्या दवाखान्याचं एक पुस्तक असायचं. त्याच्या पहिल्या पानावर ह्यांचा फोटो, आणि आतल्या पानावर 'अवलंबित' अशा मथळ्याखाली आधी सासूबाई, मग मी, मग मुलगी. मला ताप आला तरी तो ह्यांच्या स्टाफ नंबरवर यायचा. याची तक्रार नाही हं. तेव्हा तर नव्हतीच. आमच्या लाइनीतल्या सगळ्या बायकांना ताप असाच यायचा.

तक्रार सुरू झाली ती पुस्तकांमुळे.

मी शाळेत गेले सातवीपर्यंत. लग्न होऊन भोपाळला आले आणि पहिली दोन वर्षं हिंदी शिकण्यात गेली. आनंद नगरच्या हाटात मी कोथिंबीर मागायची, भाजीवाला जुडी हातात ठेवून "धनिया, बहनजी, धनिया" असं मला समजावून सांगायचा, जसं काही मी आत्ताच जन्माला आलेय. घरात मराठी बोलायला आम्ही तिघं. त्यात सासूबाईंना ऐकू कमी यायचं, आणि हे मुळात बोलायचेच कमी. दिवसभर यंत्रांच्या आवाजात काम करणाऱ्या माणसाला घरी आल्यावर शांतताच जेवायला वाढावी लागते. मग मी बोलायचं कोणाशी? अशात मला मराठी मंडळाचं वाचनालय सापडलं, म्हणजे खरं तर बोलणारी माणसंच सापडली. पुस्तकातली का होईनात. शिवाय ती मध्येच थांबवून "मीठ दे" म्हणत नाहीत.

वाचनालय म्हणजे कम्युनिटी हॉलच्या मागची एक खोली, तीन लोखंडी कपाटं आणि एक जाडजूड रजिस्टर. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी उघडायचं. ते चालवायचे मंडळाचे सेक्रेटरी. मूळचे पुण्याचे, कारखान्यात प्लॅनिंगमध्ये कामाला. जी गोष्ट रजिस्टरात लिहिली गेली ती घडली, आणि जी लिहिली गेली नाही ती घडली नाही, अशी त्यांची साधी श्रद्धा होती. प्रत्येक सभासदाला एक गुलाबी कार्ड. त्यावर एका वेळी तीन पुस्तकं मिळत. सभासद म्हणजे कर्मचारी, आणि कार्डाच्या मागे छापलेलं होतं: 'कार्ड फक्त सभासदाच्या वापरासाठी. अन्य व्यक्तीने वापरल्यास रद्द करण्यात येईल.'

आता गंमत बघा. पुस्तकं बदलायला दर मंगळवारी जायचे मी. पिशवीत तीन पुस्तकं, हातात ह्यांचं कार्ड. सेक्रेटरी माझ्याकडून पुस्तकं घेत आणि रजिस्टरात ह्यांच्या नावापुढे 'परत' लिहीत. मग मी कपाटासमोर अर्धा तास उभी राहून तीन पुस्तकं निवडे, तर ते "साहेबांची आवड चांगली आहे हं" असं म्हणत ह्यांच्या नावापुढे 'दिले' लिहीत. मी म्हणजे कोण? ने-आण करणारी.

एकदा मी धीर करून विचारलं, "भाऊजी, माझ्या नावानं एक कार्ड काढता येईल का?"

"तुमच्या नावानं?" त्यांनी चष्मा वर केला. "वहिनी, घरात एक कार्ड आहे ना? मग?"

"घरात चष्मा एक असला तर दोघांना चालतो का?"

ते हसले. हसले, आणि म्हणाले, "नियमात बसत नाही." भोपाळात राहून मी एक गोष्ट शिकले होते. माणूस रागावून नाही म्हणाला तर काहीतरी आशा असते. हसून नाही म्हणाला की संपलं.

तर मला ते कार्ड हवं होतं. सांगूनच टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाचून तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात. माझ्या नावाचा, नुसत्या माझ्या नावाचा, असा एकही कागद तेव्हा माझ्याजवळ नव्हता. सातवीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आणि ती बाई तर लग्नात संपली. मला वाटायचं, मी एवढं वाचते, ते कुठेतरी मी वाचलं म्हणून लिहिलेलं असावं. आणि भीतीही तीच होती. फार बोलले तर कार्डाच्या मागचा नियम निघायचा, आणि होतं ते गुलाबी कार्डही जायचं.

मंडळाची एक पद्धत होती. डिसेंबर लागला की सेक्रेटरी प्रत्येक सभासदाला अर्धा कागद देत. त्यावर लिहायचं: यंदा आवडलेलं पुस्तक, यंदा आवडलेला चित्रपट, आणि का आवडले ते चार ओळींत. मग ते सगळे कागद हॉलमधल्या बोर्डावर टाचणीनं लावले जात आणि आठ दिवस लोक ते उभे राहून वाचत. आज ज्यांच्याकडे फोन आहेत ते वर्षाअखेरीला आपापल्या आवडीच्या याद्या घालतात म्हणे. आमच्याकडे तेव्हापासून होतं, फक्त शेजारी संक्रांतीच्या हळदीकुंकवाची आणि पाणी कधी बंद राहणार याचीही सूचना असायची, म्हणजे मत आवडलं नाही तरी चक्कर फुकट जात नसे.

आमच्या घरचा कागद मी सांगायची आणि हे लिहायचे. अक्षर ह्यांचं सुबक. मी पोळ्या लाटता लाटता चार ओळी सांगे, हे ताटाशेजारी कागद ठेवून उतरवून घेत आणि खाली सही करत. दरवर्षी हे व्हायचं आणि दरवर्षी बोर्डासमोर ह्यांच्या चार ओळींना गर्दी. "आपल्या शॉपमधले, यंत्रांवरचे चार्जमन, पण काय लिहितात!" असं बोललं जायचं. हे संकोचायचे. पण हे माझं नाही, असं कोणाला म्हणायचे नाहीत.

चित्रपटांचं निराळं. ते दाखवले जायचे क्लबच्या मैदानावर, दर शनिवारी संध्याकाळी. दोन बांबूंवर पांढरा पडदा ताणलेला, समोर आधी अधिकाऱ्यांच्या खुर्च्या, मग सतरंज्या, आणि सतरंज्यांवर शिफ्ट सुटून आलेले पुरुष दाटीवाटीनं. आम्ही बायका त्या गर्दीत कुठे बसणार? आम्ही पडद्याच्या मागच्या अंगाला. तिकडे जागा मोकळी, कडुलिंबाची दोन झाडं, पाय पसरून बसा, मटार सोला, स्वेटर विणा, मूल आडवं करा. पातळ पडद्यातून चित्र इकडूनही चांगलं दिसायचं. नुसती सुरुवातीची अक्षरं उलटी दिसायची, पण ती वाचायची कोणाला पडली होती! सिनेमा सुरू झाल्याचं गाण्यावरून कळायचंच.

त्या वर्षीच्या डिसेंबरात हे घरी आले तेव्हा चेहरा असा, की मला वाटलं बदलीच झाली.

"काय झालं?"

"सत्कार आहे."

"कोणाचा?"

"माझा." हे वेताचा मोढा ओढून बसले. "यंदा सगळ्यांत जास्त पुस्तकं माझ्या कार्डावर गेलीत. शंभरावर. यंदाचा उत्तम वाचक म्हणून शाल आणि नारळ."

माझ्या हातात लाटणं होतं, ते तसंच राहिलं. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतोय?" मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "ह्यांचा सत्कार आहे! वाचनाबद्दल!" त्या म्हणाल्या, "लहानपणी पण पाठ्यपुस्तक कधी उघडलं नाही." आईच ती, तिला रेकॉर्ड दाखवून उपयोग नव्हता.

"आणि," हे पुढे म्हणाले, तेव्हा आवाज आणखी बसला, "पंधरा मिनिटं बोलायचंय. यंदाचं पुस्तक आणि यंदाचा चित्रपट, यावर."

मी म्हटलं, "मग सांगून टाका ना. पुस्तकं ही वाचते, म्हणावं."

"आणि कार्ड रद्द झालं म्हणजे?"

यावर मी गप्प बसले. आमच्या संसारात मी गप्प बसल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यातला हा एक. खरं बोललं तर पुस्तकं जाणार. गप्प बसलं तर ह्यांच्या खांद्यावर शाल पडणार आणि मी बायकांच्या बाजूला बसून टाळ्या वाजवणार. मी पुस्तकं निवडली. टाळ्यांचं पुढे बघू म्हटलं.

मग सुरू झाली शिकवणी. दहा दिवस, रोज जेवताना. मी सांगायचं, ह्यांनी घास घेत ऐकायचं, आणि दुसऱ्या दिवशी मी विचारायचं. यंत्राचा कुठला नटबोल्ट कुठे बसतो हे ह्यांना डोळे मिटून सांगता येई, पण कादंबरीत कोण कोणाची कोण हे राहायचं नाही.

पुस्तक मी निवडलं होतं एका शिक्षिकेचं. आडगावातल्या शाळेत ती वीस वर्षं बदलीच्या ऑर्डरची वाट बघते. शेवटी ऑर्डर येते. ती ट्रंक घेऊन स्टॅंडवर येते, सगळं गाव निरोपाला, लांबून बस येताना दिसते, आणि तिथे पुस्तक संपतं. म्हणजे आमच्या वाचनालयातल्या प्रतीत संपतं. बाइंडिंगला दिलं तेव्हा शेवटची पंधरासोळा पानं कुठे गेली ते देव जाणे. टाउनशिपमध्ये ही एकच प्रत. माझ्या आधी ज्यांनी ज्यांनी वाचलं त्या सगळ्यांची बाई स्टॅंडवरच उभी होती.

"मग पुढे काय होतं?" ह्यांनी विचारलं. घास हातात तसाच. दहा दिवसांत ह्यांनी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

मला काय माहीत पुढे काय होतं! पण एवढ्या ओढीनं कोणी विचारल्यावर पानं फाटलीत म्हणून सांगणं जिवावर आलं. म्हटलं, "बस थांबते. कंडक्टर ट्रंक वर चढवायला हात पुढे करतो. ती म्हणते, थांबा. लोकांनी वाटेत खायला दिलेले पेरू असतात पिशवीत. ती ट्रंकेवर बसते आणि एक पेरू खायला घेते. बस निघून जाते. संध्याकाळच्या बसनं जाईन म्हणते. बस्स, इतकंच."

"संध्याकाळी जाते?"

"ते लेखकानं सांगितलेलं नाही."

ह्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "चांगलं लिहिलंय." मी म्हटलं, "हो, बरं लिहितात ते." आता सांगायला हरकत नाही, पोळी करपली त्या दिवशी.

चित्रपट मी निवडला होता तो एका मिल कामगाराचा. बापानं घरातून काढलेला मुलगा. बाप आजारी पडतो, मुलगा परत येतो, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. शेवटी रिकाम्या घरात बाप खाटेवर पडून पाणी मागतो, कोणाकडे मागतो ते न बघता. मुलगा उठतो, माठातून पेला भरतो आणि बापाला पाणी पाजतो. डाव्या हातानं. हा प्रसंग बघताना माझ्या हातातले मटार खाली सांडले होते. वडिलांना डाव्या हातानं पाणी! ह्यांच्या कागदावर, तो बोर्डावर सत्कारानंतर लागायचा होता, मी त्यावरच चार ओळी लिहून घेतल्या होत्या: 'मुलाचा राग गेलेला नाही, म्हणून हात डावा. पण बापाची तहान बघवत नाही, म्हणून पेला भरलेला. दोन्ही एकाच हातात दाखवले आहे.' खरं सांगते, आजवर मी ज्या काही ओळी सांगितल्या त्यांत मला या सगळ्यांत जास्त आवडत होत्या.

ह्यांनी तो चित्रपट पाहिलेलाच नव्हता. त्या शनिवारी सेकंड शिफ्ट होती.

सत्कार रविवारी सकाळी हॉलमध्ये. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मधून चालायला वाट. माझ्या शेजारी आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या नागपूरच्या वहिनी. त्यांचे मिस्टर सरकारी कचेरी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा तिच्याबरोबर इकडे आले आणि मग कारखान्यात लागले. पलीकडे सेक्रेटरींच्या बायको, मांडीवर विणकाम घेऊन. ह्यांच्या खांद्यावर शाल पडली. सेक्रेटरी म्हणाले, "आकडे बोलतात! यंदा साहेबांनी आठवड्याला दोन-दोन पुस्तकं वाचलेली आहेत, आणि तीही शिफ्ट ड्यूटी सांभाळून!"

नागपूरच्या वहिनी माझ्या कानाशी लागल्या. "काय वो ताई, तुमचे साहेब तं झोपतच नसतील मंग?"

"गप्प बसा हो."

"मी तं बाप्पा रोज दुपारी तुम्हालाच ओट्यावर पुस्तक वाचतानी पाह्यते."

"वहिनी, हात जोडते."

हे बोलायला उभे राहिले. पुस्तकाचं छान झालं. काय सांगू, फारच छान झालं. शिक्षिका स्टॅंडवर आली, बस दिसली, आणि हॉलमधली सगळी माणसं पुढे वाकली, कारण सगळ्यांची बाई तिथेच अडकलेली होती. आणि मग ह्यांनी माझा पेरू सांगितला. हळू, एकेक शब्द करत. कंडक्टरचा हात, ट्रंक, पेरू, बस निघून गेलेली. कोणीतरी "वा!" म्हणालं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ रुमालानं डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाले, "मोठा लेखक!"

मोठा लेखक भाजी चिरताना विळीनं बोट कापल्यामुळे चिंधी बांधून बायकांत बसला होता. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांबरोबर वाजवल्या, आणि त्या वाजवताना मला पहिल्यांदा ह्यांचा मनापासून राग आला. ह्यांचा काही दोष नसताना. (काही वर्षांनी मुलीनं पुण्याहून त्या पुस्तकाची धडधाकट प्रत पाठवली. त्यात ती बाई मुकाट्यानं बसमध्ये चढते, पुढच्या सीटवर शाळेचे जुने हेडमास्तर बसलेले असतात, आणि शेवटच्या पानावर लग्न. मी ते पुस्तक कोणाला दाखवलं नाही. लेखकाचा मान राखला.)

मग चित्रपट. ह्यांना आता चांगलाच धीर आला होता. टाळ्या पडल्या की माणूस शिकवलेलं सोडून बोलायला लागतो.

"आणि शेवटी," हे म्हणाले, "तो मुलगा आपल्या बापाला डाव्या हातानं पाणी पाजतो. डाव्या हातानं! का बरं? विचार करा. कारण राग गेलेला नाही."

पुरुषांच्या बाजूला चुळबूळ झाली. सेक्रेटरी जागेवरूनच म्हणाले, "उजव्या."

"काय?"

"उजव्या हातानं पाजतो. मी अगदी समोर बसलो होतो, साहेब."

"बरोबर, उजव्याच," मागून दोघातिघांनी सांगितलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, डावा. ह्यांनी गळा साफ केला. "डाव्या."

"अहो, पेला उजव्या हातात!"

"डाव्याच हातानं पाजलं!" हे नागपूरच्या वहिनी. तट्कन उभ्याच राहिल्या. "मी सोता पाह्यलं ना. ह्या साऱ्या जणी होत्या. काय वो, डाव्या ना?"

आणि बायकांची सगळी बाजू एका आवाजात म्हणाली, "डाव्या!"

मग जे काय सुरू झालं! पुरुष म्हणतात उजव्या, बायका म्हणतात डाव्या. एक पुरुष फुटत नव्हता की एक बाई. कोणी म्हणालं बायका विणत असतात, त्यांचं लक्ष कुठे, तर सेक्रेटरींच्या बायको सुया खाली न ठेवता म्हणाल्या, "विणताना उजवं-डावं तुमच्यापेक्षा जास्त कळतं." शेवटी एक शिकाऊ इंजिनिअर मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली, मधल्या वाटेत उभी राहिली आणि म्हणाली, "एक मिनट. बायका पडद्याच्या मागे बसतात ना? मग त्यांना सगळं आरशातल्यासारखं दिसणार. उजवा तो डावा."

मी तुम्हाला काय सांगू! बारा वर्षं मी त्या कडुलिंबाखाली बसून सिनेमे पाहिले. अक्षरं उलटी दिसतात हे पहिल्या दिवशी कळलं होतं. अक्षरं उलटी तर माणसंही उलटी असणार, हे बारा वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही. आमच्या कोणाच्याच आलं नाही. नागपूरच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "मंग त्या नट्या उजव्या खांद्यावर पदर घेतात ते? मले वाटे फ्याशन आहे. मी तं दोनदा तसाच घेऊन पाह्यला." 

मी मात्र पदराचा विचार करत नव्हते. माझ्या चार ओळी गेल्या होत्या. माझा सगळ्यांत आवडता हात दिग्दर्शकाचा नव्हताच. तो आमच्या बाजूच्या पडद्याचा होता.

तेवढ्यात सेक्रेटरी ह्यांच्याकडे वळले. प्लॅनिंगमधला माणूस, एक सांधा सापडला की पुढचा शोधणारच. "पण साहेब, मग तुम्हाला डावा कसा दिसला? तुम्ही काय पडद्यामागे बसला होतात?"

सगळे हसले. हे हसले नाहीत. शाल सारखी केली. मग म्हणाले, "मी तर सेकंड शिफ्टला होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे चित्रपट हिनं पाहिला. आणि," इथे ह्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की आता गेलं कार्ड, "पुस्तकंही हीच वाचते. ते पेरू वगैरे सगळं मला हिनंच सांगितलं."

सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं तो राग नव्हता. दुःख होतं. एवढं जाडजूड रजिस्टर, आणि त्यात लिहिलेलं घडलंच नव्हतं. ते सावकाश म्हणाले, "साहेब, कार्डाच्या मागे स्पष्ट छापलेलं आहे. अन्य व्यक्तीने वापरल्यास..."

मी उभी राहिले. म्हटलं, "भाऊजी, ते कार्ड घ्यायचं तर घ्या. पण मग माझं मला द्या. मी अन्य व्यक्ती नाही. शंभरावर पुस्तकं वाचलेली व्यक्ती आहे, तुम्हीच आत्ता आकडे सांगितले."

"वहिनी, नियमाचा प्रश्न आहे. उद्या प्रत्येक घरातून..."

"प्रत्येक घरातून वाचतातच," सेक्रेटरींच्या बायको म्हणाल्या. अजून विणतच होत्या. "अहो, आपल्या कार्डावर यंदा काय काय लिहिलंय ते आठवा जरा. लोणची आणि मुरंबे. क्रोशाचे नमुने. आणि बाळंतिणीचा आहार. तुम्हीच लिहिलंत, तुमच्याच नावापुढे."

पुरुष आपापल्या कार्डावर काय लिहिलं असेल ते मनात वाचायला लागले, ते चेहऱ्यांवर दिसत होतं. रेकॉर्डप्रमाणे आमच्या मंडळातल्या निम्म्या पुरुषांनी लोणच्यांचं पुस्तक वाचलेलं होतं. कारखान्यातले भले भले लोक. कोणाला कधी शंका आली नव्हती.

कार्यक्रम चहावर आटोपला. शाल परत मागता येईना, कारण दिल्याची नोंद झालेली होती. घरी येताना मी विचारलं, "कशाला सांगितलंत? काहीतरी म्हणायचं, ऐकण्यात चूक झाली." हे म्हणाले, "त्या पेरूला टाळ्या पडल्या ना, तेव्हापासून बरं वाटत नव्हतं." एवढंच. आमच्या घरात याला लांबलचक भाषण म्हणतात.

जानेवारीत मंडळाची बैठक झाली. तीन तास चालली म्हणे. नियम मोडायचा नाही आणि बायकांनाही दुखवायचं नाही, कारण संक्रांतीचं हळदीकुंकू, गणपतीचा प्रसाद, सगळं आमच्याच हातात. सेक्रेटरींनी दवाखान्याच्या पुस्तकावरून तोडगा काढला. एका मंगळवारी मी गेले तर त्यांनी ड्रॉवरमधून एक नवं कार्ड काढलं. पांढरं. वर माझं नाव, पूर्ण, त्यांच्या वळणदार अक्षरात. त्याखाली लिहिलेलं: 'अवलंबित वाचक'. आणि त्याखाली: 'एका वेळी पुस्तक एक'.

मी विचारलं, "भाऊजी, ह्यांना तीन आणि मला एकच?"

"अवलंबितांना नियमानं कमीच असतं, वहिनी. दवाखान्यातसुद्धा चष्म्याचे पैसे त्यांना पूर्ण, तुम्हाला अर्धे."

मी ते कार्ड घेतलं. अवलंबित तर अवलंबित. रजिस्टरात माझ्या नावापुढे 'दिले' असं त्यांनी लिहिलं तेव्हा मी मुद्दाम वाकून पाहिलं, नीट लिहिलंय ना. पूर्ण रस्ताभर ते कार्ड मी पिशवीत टाकलं नाही, हातात धरून आणलं. नागपूरच्या वहिनींनी लगेच आपलं करवून घेतलं. आठ दिवसांत वीस-पंचवीस पांढरी कार्डं झाली आणि गुलाबी कार्डांवरची लोणची बंद झाली.

आता पुढच्या डिसेंबरची गोष्ट, आणि मग संपवते. हे मघापासून दोनदा विचारून गेले, आणखी किती राहिलंय. रिटायर झाल्यापासून बाग सेवनियाच्या या घरात ह्यांना एकच काम उरलंय, मी काय करते ते विचारायचं.

तर वर्ष संपलं, सेक्रेटरींनी रजिस्टर मोजलं आणि बोर्डावर निकाल लावला. उत्तम वाचक, प्रथम क्रमांक: आमचे हे. द्वितीय क्रमांक: मी, कंसात अवलंबित. एक पुस्तक पांढऱ्या कार्डावर आणि तीन गुलाबी कार्डावर, अशी चारही मीच आणत होते आणि चारही मीच वाचत होते. त्यामुळे मी माझ्याच मागे राहिले. तिसऱ्या क्रमांकावर कोण होतं ते आता आठवत नाही, पण तीही अवलंबितच होती.

पंधरा मिनिटं बोलायचा मान पहिल्या क्रमांकाचा. हे उठले, माइकपाशी गेले आणि म्हणाले, "पुस्तकं माझ्या नावावर आली आणि माझ्या नावावर परत गेली. मधे काय झालं ते ही सांगेल." आणि येऊन बसले.

मी काही तयारी करून गेले नव्हते. उभी राहिले आणि बोलायला लागले. कुठलं पुस्तक, कुठला चित्रपट ते जाऊ दे. पण मी जे पुस्तक यंदाचं उत्तम म्हणून सांगितलं ते पुरुषांच्या बाजूला कोणालाच आवडलेलं नव्हतं. एकानं मधेच उठून विचारलं, "वहिनी, हे मत तुमचं की साहेबांचं?"

"माझं," मी म्हटलं. "साहेबांचं मत तुमच्यासारखंच आहे. त्यांनीही वाचलेलं नाही."

मग वाद झाला, मी तो सोडला नाही, पंधराची चाळीस मिनिटं झाली, चहा गार झाला, नागपूरच्या वहिनी दोनदा "हाव, बरोबर आहे" म्हणून ओरडल्या, पुस्तक न वाचताच. सेक्रेटरी कोपऱ्यात बसून कार्यक्रमाचा वृत्तान्त लिहीत होते. पुढच्या मंगळवारी मी रजिस्टर उलटं करून तो वाचला. त्यात लिहिलं होतं: 'द्वितीय क्रमांकाच्या अवलंबित वाचकांनी प्रथम क्रमांकाच्या वाचकांतर्फे सर्वांचे आभार मानले.'

चाळीस मिनिटांत तेवढे आभारच मानायचे राहिले होते.